जगतापांचं एक मिनिट

"मॅडम, एकच मिनिट."

दवाखान्याचं दार अर्धवट उघडून जगताप एवढंच म्हणायचे आणि खरंच मिनिटभरात बाहेर पडायचे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी १९९२ मध्ये पाटी लावली. वर्षभराने ते, एका औषध कंपनीचे एमआर म्हणजे वैद्यकीय प्रतिनिधी, पहिल्यांदा आले आणि पुढची वीस वर्षं दर महिन्याला येत राहिले. स्कूटर बाहेर चिंचेखाली, काळी बॅग मांडीवर, शर्ट इस्त्रीचा. उसाच्या ट्रॅक्टरमागून धूळ खात आले असले तरी इस्त्रीचाच. बॅगेतून चकचकीत व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाचे दावे छापलेला कागद, काढून ते माझ्याकडे तोंड करून धरायचे. त्यांना त्यातलं एक अक्षर दिसत नसायचं, तरी पेनाचं टोक नेमकं त्या त्या ओळीवर जायचं. सगळं पाठ. शेवटी दोन सॅम्पल टेबलावर, "लक्ष असू द्या मॅडम," आणि दार ओढून घ्यायचे.

त्या एका मिनिटात माझं पुढचं सगळं शिक्षण झालं, असं मी गमतीने म्हणते. हिशेब मांडला तर ती गंमत उरत नाही. फार्माकॉलॉजी आम्हाला दुसऱ्या एमबीबीएसला होतं. परीक्षा झाली आणि पुस्तक ज्युनिअरला निम्म्या किमतीत विकलं. त्यानंतर बाजारात शेकडो औषधं आली. त्यांची ओळख मला कोणी करून दिली? सरकारने? 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' नावाचं एक सरकारी पुस्तक आहे. डॉक्टरांना औषधांची माहिती देण्यासाठीच ते काढलेलं. त्याची तिसरी आवृत्ती १९७९ ची. चौथी यायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला. म्हणजे मी शाळेत असताना निघालेल्या पुस्तकानंतरचं पुस्तक यायच्या वेळी माझे केस पांढरे व्हायला लागले होते. मधल्या काळात जगताप होते. आणि जगतापांसारखे आणखी चाळीस.

जगताप खोटं बोलायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. एमआर म्हटलं की डॉक्टरला पेन आणि घड्याळं देऊन विकत घेणारा माणूस, असं एक चित्र लोकांच्या मनात असतं. पेनं मीही घेतली, भिंतीवरचं घड्याळही एका अँटासिडचं होतं. गेल्या काही वर्षांत भेटवस्तूंबद्दल आचारसंहिता आल्या, चांगलं झालं. पण माझ्या प्रिस्क्रिप्शनवर त्या पेनाचा फारसा परिणाम झाला असेल असं मला वाटत नाही. परिणाम झाला तो त्या मिनिटाचा. त्यात जे होतं त्याचा, आणि त्याहून जास्त, जे नव्हतं त्याचा.

साल साधारण ९७. जगतापांनी निमेसुलाइड या तापावरच्या औषधाचं लहान मुलांचं सस्पेन्शन, म्हणजे पातळ औषध, आणलं. पॅरासिटामॉलपेक्षा ताप लवकर उतरतो, उतरलेला जास्त वेळ राहतो, पोटाला त्रास कमी. इटलीत कितीतरी वर्षं वापरात असलेलं मॉलिक्यूल आहे, मॅडम. प्रत्येक दाव्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात संदर्भ छापलेला. मी लिहायला लागले. ताप खरंच झटक्यात उतरायचा. आया खूश. आमच्याकडे डॉक्टरच्या 'हाताला गुण' असतो की नाही हे ताप किती वेळात उतरला यावर ठरतं, त्यामुळे मीही खूश.

त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या लेस्टरहून एक पार्सल आलं. माझी कॉलेजची मैत्रीण तिथे सरकारी आरोग्यसेवेत लागली होती. पार्सलमध्ये मुलासाठी चॉकलेटं, माझ्यासाठी एक स्वेटर आणि त्या स्वेटरात गुंडाळलेलं एक जाडसर, कोपरे दुमडलेलं पुस्तक: 'ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी'. सोबत चिठ्ठी: "इथे दर सहा महिन्यांनी नवं मिळतं, जुनं रद्दीत जातं. तुला उपयोग होईल." तिकडची रद्दी माझ्या टेबलावर आली आणि पुढे बारा वर्षं येत राहिली.

हे पुस्तक तिथल्या डॉक्टरांची संघटना आणि फार्मासिस्टांची संस्था मिळून काढतात. पहिल्या रात्री मी ते कादंबरीसारखं वाचलं. त्यात औषधांची स्तुती नव्हती. उलट काही औषधांपुढे एक छोटीशी खूण होती, अर्थ असा की हे औषध लिहून द्यायला फारसं योग्य नाही. छापील पुस्तकात, औषधाच्या नावासमोर, 'हे नको' असं लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. खोकल्याच्या पानावर तर मी थांबलेच. कफ सुटा करून बाहेर काढणारं कोणतंही औषध असल्याचा पुरावा नाही, असं त्यात सरळ लिहिलं होतं. माझ्या मागच्या फळीवर त्या वेळी कफ सुटा करणारी सहा सिरप होती, लाल, हिरवी आणि एक जांभळं. मी एकदा पुस्तकाकडे आणि एकदा फळीकडे बघितलं. नवरा म्हणाला, "झोप आता."

मग मी निमेसुलाइड शोधलं. निर्देशसूचीत 'एन' खाली ते नव्हतंच.

इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, इंग्रज मागे पडलेत. पुढच्या महिन्यात जगतापांना विचारलं तर तेही हसून म्हणाले, "मॅडम, तिकडचे लोक नवीन काही लवकर घेत नाहीत." ते मला पटलं. पुस्तकात नाव नसणं हीसुद्धा एक माहिती असते, हे कळायला मला एक रात्र जागावी लागली.

पावसाळ्याचे दिवस. रात्री साडेदहाला शेजारच्या वाडीतून एक आजी चार वर्षांच्या नातीला गोधडीत गुंडाळून घेऊन आली. "बाई, बघा की, पोरगी गार पडलीया." सकाळी एकशे तीन ताप होता, मीच औषध दिलेलं. आईने एक डोस जास्त पाजला होता, 'पोरीला लवकर बरं वाटू दे' म्हणून. थर्मामीटरने पंच्याण्णवही दाखवलं नाही. कपाळावर घाम, हातपाय बर्फासारखे. गरम पाण्याच्या बाटल्या, आणखी दोन गोधड्या, साखरपाणी. दोन वाजेपर्यंत मी त्या बाकड्यावर बसून होते. पोरगी उठली आणि बिस्किट मागितलं तेव्हा आजी रडली आणि मी आत जाऊन तोंड धुतलं. दुसऱ्या दिवसापासून लहान मुलांना निमेसुलाइड लिहिणं मी बंद केलं, आणि बंद का केलं हे मात्र कोणाला सांगितलं नाही.

२००२ मध्ये फिनलंड आणि स्पेन या देशांनी यकृताला होणाऱ्या इजेमुळे निमेसुलाइडची विक्री थांबवली. माझ्या टेबलावर ती बातमी आली नाही. कोण आणणार? भारतात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ते २०११ च्या फेब्रुवारीत बंद झालं. मधली नऊ वर्षं सिरप विकलं जातच होतं आणि माझ्यासारखे हजारो डॉक्टर ते लिहीतच होते. सगळेच काही बेपर्वा नव्हते. त्यांच्यापर्यंत फक्त ताप किती लवकर उतरतो एवढंच पोचलं होतं.

त्या काळात मी आणखी एक गोष्ट शिकले, टक्केवारी वाचायला. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीच्या व्हिज्युअल एडवर एक उतरता बाण असायचा आणि खाली मोठ्या आकड्यात '३१%'. स्कॉटलंडमधल्या साडेसहा हजार पुरुषांवर झालेला, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. हृदयविकाराचे प्रसंग एकतीस टक्क्यांनी घटले. अभ्यास उत्तम, आकडाही खरा. पण त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी: सुमारे पाच वर्षांत गोळी न घेणाऱ्या शंभरातल्या जवळपास आठ जणांना तो त्रास झाला, घेणाऱ्यांतल्या साडेपाच जणांना. म्हणजे पाच वर्षं शंभर जणांनी रोज गोळी घ्यायची तेव्हा दोन-अडीच जण वाचतात. मी आजही स्टॅटिन लिहिते, ज्यांना धोका जास्त आहे त्यांना आग्रहाने लिहिते. पण समोरच्या माणसाला 'एकतीस टक्के' सांगणं आणि 'शंभरात दोन-अडीच' सांगणं यात फरक पडतो. हे ऐकून एक शिक्षक म्हणाले, "मग बाकीच्या साडेसत्त्याण्णवांनी काय फक्त पैसे भरायचे?" प्रश्न चोख होता. जगतापांच्या कागदावर तो उमटायला जागाच नव्हती.

सर्दीची गोळी हा मात्र माझा खास दुखरा विषय आहे. इथे मी जरा रेंगाळणार.

मी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा सर्दीच्या गोळीत फेनिलप्रोपॅनोलामिन असायचं. चोंदलेलं नाक मोकळं करणारं. २००० साली अमेरिकेत येल विद्यापीठाच्या अभ्यासातून त्याचा मेंदूतल्या रक्तस्रावाशी संबंध दिसला आणि तिथल्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढायला सांगितलं. आपल्याकडे ते बंद करण्याची अधिसूचना २०११ च्या फेब्रुवारीत निघाली, निमेसुलाइडच्याच वेळी. कंपन्या अर्थातच तयार होत्या. जगताप आले, "मॅडम, तीच गोळी, नवीन फॉर्म्युला, एकदम सेफ." पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन. मी पुन्हा लिहायला लागले. सेफ होती, हे बरोबर. नाकातून फवारलं तर फेनिलएफ्रिन काम करतं, हेही बरोबर. पण गिळल्यावर?

फ्लोरिडा विद्यापीठातले लेस्ली हेंडेलिस आणि रँडी हॅटन हे दोघे प्राध्यापक याच एका प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागले होते. गिळलेलं फेनिलएफ्रिन आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच इतकं मोडून जातं की रक्तात पोचतं ते नगण्य, नाकापर्यंत जायला जवळजवळ काही उरतच नाही. मग १९७६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने ते परिणामकारक कसं ठरवलं होतं? या दोघांनी त्या वेळची जुनी कागदपत्रं खणून काढली, त्यातले कितीतरी अभ्यास कधी छापलेच गेले नव्हते, आणि सगळे मिळवून पाहिले तेव्हा परिणाम दिसेना. तिथल्या औषध प्रशासनाकडे २००७ मध्ये अर्ज केला, २०१५ मध्ये पुन्हा केला. शेवटी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीतल्या सोळाच्या सोळा सदस्यांनी मत दिलं की तोंडाने घेतलेलं फेनिलएफ्रिन नाक मोकळं करत नाही.

सोळा विरुद्ध शून्य. मी ही बातमी फोनवर वाचली तेव्हा समोर बसलेल्या माणसाला तीच गोळी लिहून झाली होती. सही तेवढी राहिली होती.

किती लिहिल्या असतील मी? दिवसाला दहा धरा, पावसाळ्यात वीस. गोळीतल्या पॅरासिटामॉलने अंगदुखी थांबत असे, क्लोरफेनिरामिनने झोप येत असे, सर्दी तिच्या गतीने आठवड्यात जात असे, आणि श्रेय तिघांत वाटलं जात असे. नुकसान फार नाही म्हणाल. पण रक्तदाबाच्या रुग्णाला ही गोळी जपून द्यायची असते, आणि ऊसतोडीच्या बाईच्या रोजातले पैसे तिच्यावर जातात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला सांगितलं. किती आयांनी ते लेबल वाचलं असेल?

हेंडेलिस आणि हॅटन यांना हे करण्याचे पैसे कोणी देत नव्हतं. बाजारात 'हे घ्या' म्हणणाऱ्याला पगार आहे, पेट्रोल भत्ता आहे, टार्गेट गाठलं तर बँकॉक आहे. 'हे नको' म्हणणाऱ्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार?

काही देशांनी यावर उत्तर शोधलं. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइडमुळे व्यंग असलेली मुलं जन्मली, तो हाहाकार १९६१ च्या शेवटी उघड झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये अँड्र्यू हर्क्सहायमर यांनी 'ड्रग अँड थेरप्यूटिक्स बुलेटिन' सुरू केलं. चार पानं, जाहिरात एकही नाही. तिथलं सरकार कितीतरी वर्षं ते विकत घेऊन डॉक्टरांना घरपोच पाठवत होतं. फ्रान्समध्ये १९८१ पासून 'प्रिस्क्रीर' निघतं, निव्वळ वर्गणीदारांच्या पैशावर. नव्या औषधांचा आढावा घेऊन त्यातली बरीचशी 'यात नवीन काही नाही' या रकान्यात टाकायची, आणि वर्षाचा सर्वोच्च पुरस्कार द्यावा असं औषध दिसलं नाही तर तो द्यायचाच नाही, असा त्यांचा खाक्या. मेडिएटर नावाच्या औषधाबद्दल त्यांनी कितीतरी आधीपासून सावध केलं होतं. पुढे ब्रेस्तच्या इरेन फ्राशों या डॉक्टरबाईंनी त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात हे चिकाटीने दाखवून दिलं आणि २००९ मध्ये ते बंद झालं. तोवर ते तेहेतीस वर्षं विकलं गेलं होतं. म्हणजे स्वतंत्र बुलेटिन असलं की सगळं सुरळीत होतं असंही नाही. ऐकणारेही लागतात.

हार्वर्डच्या जेरी एव्हॉर्न यांची युक्ती मला सगळ्यांत आवडली. त्यांनी जगतापांचीच पद्धत उचलली. प्रशिक्षित फार्मासिस्टांना डॉक्टरांच्या दवाखान्यात पाठवलं, तसाच एकट्याने गाठून बोलायचा प्रकार, तसेच चकचकीत कागद. फक्त विकायला काही नाही. १९८३ मध्ये त्यांनी निकाल छापला, वायफळ औषधांचं लेखन चौदा टक्क्यांनी उतरलं होतं. (हो, इथेही टक्केवारीच. सवय लागली की सुटत नाही.)

आणि आपल्याकडे? मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टर-कार्यकर्त्यांच्या गटाचं बुलेटिन, कोलकात्याहून निघणारं 'बोधी', स्वस्त औषधं बनवणाऱ्या बडोद्याच्या 'लोकॉस्ट' संस्थेची पुस्तकं, पुण्याच्या लोकविज्ञान संघटनेच्या पुस्तिका. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर आमच्याच सातारा जिल्ह्यात औषधांचा वापर किती निरर्थक होतो याचा अभ्यास केला होता. मी त्याच जिल्ह्यात बसून जांभळं सिरप देत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ही सगळी पत्रकं पातळ कागदाची, चार माणसांच्या जिवावर चालणारी, पोस्टाने कधी येणारी कधी न येणारी. त्यांच्याकडे स्कूटर नव्हती.

ब्रिटिश पुस्तकालाही आमचं गाव माहीत नव्हतं, हे सांगायला हवं. पावसाच्या तोंडावर आमच्याकडे लाल विंचू निघतो. लहान मूल घामाने निथळतं, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी होतं. लेस्टरच्या त्या पुस्तकात याबद्दल एक ओळ नव्हती, असायचं कारणही नव्हतं. ते उत्तर महाडला होतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढून दाखवून दिलं की रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची जुनी, स्वस्त गोळी ही मुलं वाचवते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. माझ्यापर्यंत तो पोचला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या एका मेडिकल ऑफिसरने दिलेल्या झेरॉक्समधून, तीही झेरॉक्सची झेरॉक्स, डाव्या कडेची अक्षरं कापली गेलेली. त्या कागदाच्या भरवशावर मी आजवर दिलेल्या प्राझोसिनच्या गोळ्यांची किंमत एका सस्पेन्शनच्या बाटलीएवढीही भरणार नाही. वीस वर्षांत एकाही एमआरने 'विंचू' हा शब्द माझ्यासमोर उच्चारला नाही. का उच्चारावा? त्यात त्याच्या कंपनीचं काय होतं?

जगताप २०१४ मध्ये निवृत्त झाले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आले ते पेशंट म्हणून. मोठ्या शहरात अँजिओप्लास्टी झालेली, शर्ट अजूनही इस्त्रीचा. खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला, माझ्याकडे तोंड करून. अकरा औषधं. पेनाचं टोक न बघता पाचव्या ओळीवर.

"मॅडम, यातलं लागणारं कुठलं?"

मी कागद वाचला. चार औषधांशिवाय गत्यंतर नव्हतं, ती बंद करायची नाहीत असं त्यांना दोनदा बजावलं. तीन जीवनसत्त्वांची मिश्रणं होती. दोन पोटासाठी, दोन्ही एकाच जातीची. दहाव्या ओळीवरचं नाव मला नवीन होतं.

"हे मला माहीत नाही," मी म्हणाले. "बघून सांगते. तुमच्या कार्डिऑलॉजिस्टशीही बोलते. गुरुवारी या."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आम्ही कॉलला जायचो तेव्हा असं कोणी म्हणालं नाही."

"म्हणाले असते तर तुम्ही सांगितलंच असतं की."

"लगेच सांगितलं असतं," ते हसले. कागदाची घडी घालून उठले, दारापर्यंत गेले, दार अर्धवट उघडलं आणि वळले. सवयीने.

"मॅडम, एकच मिनिट. ती आपली सर्दीची गोळी. घरात अजून तीच असते. चार दिवस नाक चोंदलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ घेतोय. चालते ना?"

बाहेर बाकड्यावर पाच पेशंट होते. मी त्यांना दार लावून परत बसायला सांगितलं आणि बीपीचं मशीन पुढे ओढलं.